लाल अवंती, एमएच ३१

"काहून हो वहिनी, पोर्चमधला कूलर, सिलिंडर, जुनं कपाट, सगळंच बाहेर काढलंत? पाहुणे येताहेत?"

"पाहुणीच म्हणा. गाडी बघितलीये. स्पोर्ट्स कार."

"अगोबाई! भाऊजींना या वयात काय सुचलं?"

"ह्यांना कुठलं हो! मला हवीये. हे कालपासून अबोला धरून बसलेत. घरात स्विफ्ट आहेच, ती दुकानाचे गठ्ठे वाहते. ही फक्त माझी. नागपूरला एकाकडे डीसीची अवंती आहे, लालभडक. नवी होती तेव्हा ३५ लाखांच्या आसपास. हा पार निम्म्याच्या खाली उतरलाय."

रायपूरच्या पंडरीतल्या दोन घरांमधल्या ह्या भिंतीवर एरवी पापड वाळतात. आज शेजारच्या काकूंनी ते बाजूला सारले नि दोन्ही कोपरं टेकवली.

"पुण्यात बनायची तीच ना, दिलीप छाब्रियांची? २०१२ च्या ऑटो एक्स्पोत आली तेव्हा आमच्या धाकट्यानं कपाटाला फोटो चिकटवला होता, अजून निघत नाही मेला. पण वहिनी, २०२० च्या डिसेंबरात मुंबई क्राइम ब्रांचनं छाब्रियांना अटक केली होती, विसरलात? एकेका गाडीवर अनेक कर्जं उचलली, असा आरोप होता."

"ते त्यांचं. मी नागपूरवाल्याकडून घेतेय."

"आणि त्यानं कोणाकडून घेतली? आमचे हे बँकेत होते, त्यांचं एकच म्हणणं. आधी परिवहनच्या साइटवर बघा, आरसीवर कोण्या फायनान्सवाल्याचा बोजा आहे का. इंजिन नि चेसिस नंबर गाडीवरच वाचा, कागदाशी ताडून. बोजा निघाला, तर बँकेची एनओसी नि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा द्यायचं नाही."

हे काकूंचं अगदी खरं. जुन्या गाडीत लोक टायर नि रंग बघतात. कागद बघायची वेळ येते तोवर पैसे गेलेले असतात.

"आणि नंबर एमएच ३१ चा सीजी ०४ करायला?"

"नागपूर आरटीओची एनओसी आणायची, इथे रोड टॅक्स पुन्हा भरायचा. तिकडच्या परताव्याची फाइल वेगळी. शिवाय विमा. असल्या जुन्या, बंद पडलेल्या मॉडेलची किंमत विमावाल्याशी बोलूनच ठरते. कमी ठरली तर ठोकल्यावर हाती काय येणार?"

"ठोकते कशाला?"

"तुम्ही नाही हो, कपडा मार्केटातला ठेला ठोकेल! पंडरीचं बस स्टँड भाठागावला गेलं, तरी इथली गर्दी हलली का? इंजिन रेनॉचं, त्याला एखादा मिस्त्री हात घालेलही. पुढची काच कुठून आणाल? बंपर? आणि ते इंजिन बसतं पाठीमागे. मे महिन्यात रायपुरात पाठ शेकून निघेल."

"मेमध्ये झाकून ठेवीन. मला काय रोज दुकानात न्यायचीये? रविवारी पहाटे नवा रायपूरचे रस्ते रिकामे असतात, तेवढंच. दोन लिटरचं टर्बो आहे काकू, २५० घोड्यांचं!"

"त्या काचेचं आधी विचारा. मिळत नसेल तर फुकटही घेऊ नका."

"विचारते. कागदांसाठी काकांनाही नागपूरला नेते. बाकी सीट दोनच, आणि ह्यांचा तर अबोला. रविवारी शेजारची रिकामीच जाणार."

काकूंनी पापड उलटले, एकदा घराकडे बघितलं.

"पहाटे म्हणजे साधारण कितीला?"