खेळणारे रजेवर, निवृत्त मैदानावर

रायपूरच्या क्रिकेटरसिकाचं दुःख बाकीच्या देशाला कळायचं नाही. नव्या रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर जे निवृत्त झालेत ते मन लावून खेळायला येतात आणि जे निवृत्त झालेले नाहीत ते विश्रांती घेत असतात. मार्च २०२१ मध्ये तेंडुलकरच्या इंडिया लेजंड्सनी रोड सेफ्टी मालिकेचा अंतिम सामना इथेच जिंकला, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला, आणि मार्च २०२५ मध्ये तेंडुलकरच्याच संघाने मास्टर्स लीगचा करंडकही इथूनच उचलला. उलट १ डिसेंबर २०२३ ला या मैदानाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध आपला पहिला आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सामना पाहिला, तेव्हा रोहित नव्हता, कोहली नव्हता, बुमराहही नव्हता. पाहुण्यांनीही यजमानांचा मान राखून स्मिथ, मॅक्सवेल आणि झाम्पाला आधीच घरी धाडलं होतं. दिवेसुद्धा जनरेटरवर लागले, कारण तीन कोटींहून अधिक वीजबिल न भरल्याने स्टेडियमची कायमची जोडणी तोडलेली होती. बिल २००९ पासून थकलं, त्याबद्दल कुणाची झोप उडाली नाही. खेळाडू थकला म्हणताच मात्र अख्ख्या शहराने पंचनामा सुरू केला.

वास्तविक छत्तीसगडला या प्रकाराची सवय असायला हवी. १७८७ मध्ये बिंबाजी भोसले वारल्यावर या मुलखाचे धनी झाले व्यंकोजी भोसले, पण त्यांनी मुक्काम नागपुरातच ठेवला आणि रतनपूरला सुभेदार पाठवला. मुख्य खेळाडू नागपुरात, बदली खेळाडू रतनपुरात, अशीच पुढची तीस वर्षं गेली. रतनपूरकरांनी तिकिटाचे पैसे परत मागितल्याची नोंद इतिहासात नाही.

आता आरोपाकडे वळू. तो असा, की देशाची जर्सी घातल्यावर थकायचा अधिकार राहत नाही. तारखा पाहा. २०२३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना १९ नोव्हेंबरला अहमदाबादला झाला आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका २३ तारखेला विशाखापट्टणमला सुरू झाली. मधे नीट रडायलाही सवड नव्हती. विश्वचषकातले साखळीचे नऊ सामने भारत नऊ शहरांत खेळला. कोहलीने एकूण अकरा सामन्यांत ७६५ धावा केल्या, आणि त्यावर लगेच अकरा दिवसांत पाच शहरांत पाच सामने ठेवले होते. दिवाळी होऊन चार दिवस झालेत आणि टेबलावर माणूस बसलेला आहे, असं एक तरी सरकारी कार्यालय कुणी दाखवावं. यावर लगेच उत्तर येतं, की सूर्यकुमार तर फायनल खेळून चौथ्या दिवशी कप्तान म्हणून उभा राहिला! राहिला खरा, आणि त्याचं कौतुकच आहे. पण एकाला झेपलं ते साऱ्यांनी झेपवलंच पाहिजे, या न्यायाने उद्या गल्लीतला एक जण मॅरेथॉन धावला तर बाकीच्यांच्या रिक्षा जप्त कराव्या लागतील.

न थांबण्याची किंमत काय असते, हे बुमराहच्या पाठीने लिहून ठेवलं आहे. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने दीडशेहून अधिक षटकं टाकली आणि बत्तीस बळी घेतले. सिडनीत पाठ धरली, दुसऱ्या डावात तो चेंडू टाकू शकला नाही आणि चॅम्पियन्स ट्रॉफीलाही मुकला. म्हणून पुढे इंग्लंडमध्ये पाचांपैकी तीनच कसोट्या खेळायच्या, असं आधीच ठरलं. झालं, सिराज पाचही खेळतो आणि याला काय धाड भरली आहे, अशी बोंब उठली. गंमत पुढेच आहे. बुमराह ज्या दोन कसोट्यांत नव्हता, नेमक्या त्याच भारताने जिंकल्या. चाहत्यांनी त्यातून एकाच श्वासात दोन निष्कर्ष काढले. तो नसला की देशाचं नुकसान होतं. आणि तो नसला की देश जिंकतो. तर्कशास्त्राला इतकं ताणायचं तर त्यालाही विश्रांती द्यावी लागेल.

जिथे मैदानच बर्फाचं असतं तिथेही वेगळं घडत नाही. (रायपुरात मे महिन्यात बर्फ फक्त गोळ्यावर सापडतो, पण दाखला चालेल.) कोरियाची फिगर स्केटर किम यू-ना २०१० मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकली आणि २०११-१२ चा अख्खा हंगाम तिने सोडून दिला. परतली आणि २०१३ ची जागतिक स्पर्धा वीसहून अधिक गुणांच्या फरकाने जिंकली. विजेत्याला आपल्या शरीराचा हिशोब कळतो. तो कळला नसता तर विजेता झालाच नसता.

सगळ्यात जड आक्षेप उरतो तो आयपीएलचा. देशासाठी पाठ दुखते, फ्रँचायझीसाठी दुखत नाही! यात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. दोन महिने साखळीचे चौदा सामने खेळायला अंग चालतं, आणि विश्रांतीची तारीख नेमकी द्विपक्षीय मालिकेवर पडते. पण आयपीएल भरवणारं मंडळ आणि ती मालिका विकणारं मंडळ एकच. वेळापत्रक तेच काढतं, दोन्ही गल्ल्यांवर तेच बसतं. राग मात्र खेळाडूवर निघतो, कारण मंडळाच्या वेळापत्रकाचं पोस्टर कुणी भिंतीवर लावत नाही. शिवाय चाहत्याला खेळच हवा असतो, हा दावाही तपासून पाहायला हरकत नाही. मंडळाने सक्ती केल्यावर जानेवारी २०२५ मध्ये कोहली दिल्लीकडून रणजी सामना खेळला. कोटलावर तोबा गर्दी लोटली. तो सहा धावांवर त्रिफळाचीत झाला आणि स्टँड रिकामे होऊ लागले. रणजीचा सामना पुढे चालूच होता. त्याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. लोकांना दर्शन हवं असतं, आणि देवाने गाभारा बंद ठेवला म्हणून भक्त चिडतात.

रजेच्या कारणांचीही आपल्याकडे उतरंड आहे. २०२३ च्या त्याच ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेत गुवाहाटीचा सामना मुकेश कुमारने सोडला, कारण त्याचं लग्न होतं. रायपूरला तो परत आला आणि त्याला कुणी काही विचारलं नाही. लग्न ही राष्ट्रमान्य सबब आहे. रायपूरच्या सामन्यात ईशान किशन बाहेर बसला आणि त्याच्या जागी अमरावतीच्या जितेश शर्माने एकोणीस चेंडूंत पस्तीस धावा कुटल्या. रिंकू सिंगने ४६ केल्या, अक्षर पटेलने सोळा धावांत तीन बळी घेतले, भारत वीस धावांनी जिंकला आणि मालिकाही खिशात आली. बडे नसल्यामुळेच हे तिघं एका रात्रीत रायपूरला दिसले, पण तक्रारीच्या वहीत ही जमा कुठेच नाही. ईशानने पुढे दोनेक आठवड्यांतच दक्षिण आफ्रिकेच्या कसोटी दौऱ्यातून माघार घेतली. बातम्यांतून कारण आलं ते मनाच्या थकव्याचं. थकवा काही लग्नाइतका मान्य नसल्याने चर्चेला ऊत आला, देशांतर्गत क्रिकेटही त्याने टाळल्याची कुजबुज झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचा मध्यवर्ती करार गेला.

तोच ईशान २३ जानेवारी २०२६ ला याच मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध उतरला. दोनशे नऊंचं लक्ष्य होतं, त्याने बत्तीस चेंडूंत ७६ धावा ठोकल्या आणि भारताने सोळाव्या षटकातच सामना संपवला. त्या रात्री ज्यांनी त्याच्या फटक्यांवर टाळ्या पिटल्या, त्यांनी २०२३ चा त्याचा रजेचा अर्ज आता मागच्या तारखेने मंजूर करून टाकावा.