मोटार-डीलर महोदयांच्या सेवेशी एक अनावृत पत्र

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील समस्त मोटार-डीलर महोदयांच्या सेवेशी, कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावून सर्व गिऱ्हाइकांना एकच भाव सांगण्याची रीत रूढ करण्यात ज्या देशाचा मोठा वाटा आहे, त्याच देशात घराखालोखाल सर्वांत महाग अशी कौटुंबिक खरेदी मात्र आजही घासाघिशीवरच चालते, आणि ही कला जिवंत ठेवल्याचे श्रेय निर्विवादपणे डीलर महोदयांकडे जाते. भाव फुगवून सांगणे म्हणजे खोटे बोलणे, अशी धारणा असलेल्या क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांनी फार पूर्वीच एकभावी विक्रीचा आग्रह धरला होता; एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियाच्या जॉन वॉनामेकर यांनी आपल्या प्रचंड दुकानात किमतीच्या चिठ्ठ्या लावून ती रीत लोकप्रिय केली; आणि त्यानंतर साबणापासून सोफ्यापर्यंत सारे काही ठरल्या भावाने विकले जाऊ लागले. मोटार तेवढी या सुधारणेतून सुटली, याबद्दल संस्कृती-रक्षकांनी महोदयांचा जाहीर सत्कार करावयास हवा होता, तो अद्याप झालेला नाही.

मोटारीवर किंमत लिहिलेली नसते असे मात्र नाही. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मोनरोनी यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यानुसार प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर एक छापील पत्रक चिकटवणे बंधनकारक आहे. त्यात मूळ किंमत, कारखान्यात बसवलेल्या जादा सोयींचे दर, कारखान्यापासून डीलरपर्यंतच्या वाहतुकीचा आकार आणि या सर्वांची बेरीज दिलेली असते, आणि गाडी ग्राहकाच्या ताब्यात जाण्यापूर्वी हे पत्रक हेतुपुरस्सर काढून टाकणे हा गुन्हा ठरतो. या पत्रकास मोनरोनी स्टिकर असे म्हणतात. तथापि त्यावरील बेरीज ही उत्पादकाने केवळ सुचवलेली किरकोळ किंमत असल्याने, किंमत दाखवण्याची सक्ती झाली तरी त्या किमतीस विकण्याची सक्ती कोणावरही झाली नाही. डीलर महोदय या सूचनेचा अर्थ हवामान पाहून लावतात: माल पडून असला की तिच्याखाली उतरणे हा औदार्याचा पुरावा मानला जातो, आणि माल अपुरा असला, जसा तो २०२१-२२ मध्ये चिपच्या टंचाईमुळे होता, की त्याच पत्रकाशेजारी ‘मार्केट अॅडजस्टमेंट’ नावाची दुसरी चिठ्ठी प्रकटते, जिच्यावरील काही हजार डॉलरच्या मोबदल्यात ग्राहकास एकही जास्तीचा स्क्रू मिळत नाही.

या साऱ्या व्यवहाराचा अभ्यास करण्यास मिनीव्हॅनसारखे दुसरे वाहन नाही. मिनीव्हॅन म्हणजे मालवाहू व्हॅनपेक्षा लहान, मोटारीच्या धर्तीवर बांधलेली, सरकत्या दारांची आणि तीन रांगांत सात-आठ माणसे बसवणारी गाडी. फोर्ड कंपनीत ज्यांच्या या कल्पनेस थारा मिळाला नाही ते हॅल स्पर्लिक पुढे क्रायस्लरमध्ये आले, पाठोपाठ फोर्डचेच माजी अध्यक्ष ली आयकोका आले, आणि १९७९ च्या कायद्याने दीड अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जास सरकारी हमी मिळाल्यामुळे जगलेल्या त्या कंपनीने नोव्हेंबर १९८३ मध्ये कॅनडातील विंडसर येथील कारखान्यातून डॉज कॅरॅव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर या जुळ्या गाड्या बाहेर काढल्या. नव्वदीच्या दशकात होंडा ओडिसी आणि टोयोटा सिएना स्पर्धेत उतरल्या. पुढे एसयूव्हीच्या लाटेत बहुतेक उत्पादकांनी मिनीव्हॅन सोडून दिली, त्यामुळे आज ग्राहकापुढे ओडिसी, सिएना, क्रायस्लरची पॅसिफिका आणि किआची कार्निव्हल यांपलीकडे फारसा पर्याय उरलेला नाही. स्पोर्ट्स कार हौसेने घेतली जाते आणि हौस लांबणीवर टाकता येते. मिनीव्हॅन तिसरे मूल होणार म्हणून घेतली जाते, आणि ती तारीख डॉक्टरांनी दिलेली असते. असा ग्राहक बहुधा शनिवारी, भुकेल्या मुलांसह शोरूममध्ये प्रवेश करतो, म्हणजे वाटाघाटीत ज्याच्याजवळ वेळ अधिक तो जिंकतो हा नियम तेथे पहिल्याच मिनिटाला लागू होतो.

न्यू जर्सीतील एडिसनपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियापर्यंत पसरलेली मराठी कुटुंबे या ग्राहकवर्गात आहेतच. आईवडील भारतातून काही महिन्यांसाठी आले की पाच आसनांची गाडी अपुरी पडते, आणि उंच एसयूव्हीत चढण्यापेक्षा सरकत्या दारातून आत शिरणे ज्येष्ठांच्या गुडघ्यांना मानवते. घासाघीस ही आपल्या रक्तातच आहे, अशा समजुतीने हे ग्राहक आत्मविश्वासाने येतात, परंतु पुण्याच्या तुळशीबागेच्या बाजारात कमावलेले कौशल्य येथे निरुपयोगी ठरते, कारण तुळशीबागेत भाव ही एकच संख्या असते, ती दोन्ही पक्षांना दिसत असते, आणि गिऱ्हाईक चार पावले चालू लागले की ती खाली येते. डीलर महोदयांच्या मेजावर एका वेळी चार संख्या हलत असतात, आणि एक खाली आली की दुसरी वर जाते.

या चार संख्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कागदास या धंद्यात ‘फोर-स्क्वेअर’ म्हणतात. कागदाचे चार चौकोन केलेले असतात. एकात नव्या गाडीची किंमत, दुसऱ्यात ग्राहकाच्या जुन्या गाडीचे मोल, तिसऱ्यात सुरुवातीला भरायची रोख रक्कम आणि चौथ्यात मासिक हप्ता. विक्रेता अत्यंत सहानुभूतीने विचारतो की महिन्याला किती झेपेल, आणि ज्या ग्राहकाने या प्रश्नास आकड्यात उत्तर दिले त्याच्यापुरती किमतीची चर्चा तेथेच संपते. उदाहरणार्थ, ४०,००० डॉलरचे कर्ज वार्षिक ६ टक्के व्याजाने ६० महिन्यांत फेडायचे असेल तर हप्ता सुमारे ७७३ डॉलर पडतो. ग्राहकाने हा हप्ता जड असल्याची तक्रार केली असता गाडीची किंमत शांतपणे २,००० डॉलरने वाढवून मुदत ७२ महिन्यांची केली, तर हप्ता सुमारे ६९६ डॉलरवर येतो. ग्राहकास महिन्याला ७७ डॉलर वाचल्याचा आनंद होतो, विक्रेता त्याचे अभिनंदन करतो, आणि सहा वर्षांच्या अखेरीस त्या कुटुंबाने पहिल्या प्रस्तावापेक्षा ३,७०० डॉलरहून अधिक रक्कम भरलेली असते. दोन्ही पक्ष समाधानाने उठावेत असा करार घडवणे ही अर्थशास्त्रात दुर्मीळ गोष्ट मानली जाते. महोदयांनी ती बॉलपेनने साधली आहे.

जे ग्राहक हप्त्याच्या प्रश्नास बळी पडत नाहीत ते ‘इनव्हॉइस किंमत’ शोधून येतात. डीलरने उत्पादकास दिलेली, किंवा निदान बिलावर दिसणारी ही रक्कम पूर्वी गुपित असे. आता एडमंड्ससारख्या ग्राहकांसाठी माहिती देणाऱ्या संस्थांमुळे ती कोणासही कळते. आपण ही गाडी इनव्हॉइसच्याही खाली देत असून या सौद्यात नुकसान सोसत आहोत, असे विक्रेता व्याकूळ चेहऱ्याने सांगतो तेव्हा ‘होल्डबॅक’ या तरतुदीचा उल्लेख त्याच्या स्मरणातून निसटलेला असतो. होल्डबॅक म्हणजे उत्पादकाने बिलात आधी धरलेली आणि गाडी विकल्यावर डीलरला परत दिलेली रक्कम. ती बहुधा सुचवलेल्या किमतीच्या दोन ते तीन टक्के असते. याखेरीज ठराविक काळात ठराविक संख्येने गाड्या विकल्यास मिळणारे बक्षीस वेगळेच, आणि त्या संख्येस एक गाडी कमी पडत असेल तर महिनाअखेरीस तीच मिनीव्हॅन खरोखर तोट्यात विकणेही फायद्याचे ठरू शकते. तेव्हा विक्रेत्याचे ते वाक्य कधीकधी खरेही असते. ते नेमके केव्हा खरे आहे हे ग्राहकास कळण्याची सोय मात्र नसते.

मधूनमधून विक्रेता मॅनेजरला विचारून येतो म्हणून उठतो आणि बराच वेळ परत येत नाही. त्या अदृश्य कचेरीत काय चालते याविषयी विद्वानांत एकमत नाही.

भाव ठरला म्हणजे काम संपले, असे मानणाऱ्या ग्राहकास नंतर एका लहान खोलीत नेले जाते. येथे वित्त व विमा विभागाचे अधिकारी बसतात, आणि थकलेला ग्राहक किती गोष्टींना होकार देतो याची खरी मोजणी येथेच होते. वाढीव वॉरंटी, रंगाचे संरक्षण, आसनांच्या कापडाचे संरक्षण, काचांवर गाडीचा क्रमांक कोरणे आणि टायरांत नायट्रोजन भरणे अशी ती यादी असते. साध्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि तो आजवर सर्व टायरांत विनामूल्य भरला गेला आहे, हे शालेय ज्ञान या खोलीत मांडणे असभ्यपणाचे समजले जाते. कर्जही येथेच ठरते: बँकेने डीलरला सांगितलेला व्याजदर आणि डीलरने ग्राहकास सांगितलेला व्याजदर यांत फरक असू शकतो, व त्या फरकातला वाटा डीलरला मिळतो. कागदपत्रे तयार करण्याचा आकार, ज्यास ‘डॉक फी’ म्हणतात, तोही येथे भेटतो; कॅलिफोर्नियात त्यास कायद्याने ८५ डॉलरची मर्यादा आहे, तर फ्लोरिडात अशी मर्यादा नसल्याने तेच कागद हजार डॉलरच्या आसपास जाताना दिसतात. आर्द्रतेमुळे कागद महाग पडत असावेत.

येथवरचे सारे विनोदाने घेता येते. पुढची बाब तशी घेता येत नाही. कायद्याचे अभ्यासक इयन एअर्स यांनी १९९१ मध्ये आणि पीटर सीगलमन यांच्यासह १९९५ मध्ये शिकागो परिसरातील डीलरांविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. त्यांनी वेगवेगळ्या वंशांच्या स्त्री-पुरुषांना एकच पाठ पढवून, एकाच पद्धतीने घासाघीस करावयास पाठवले होते. त्यांत गोऱ्या पुरुषांच्या तुलनेत गोऱ्या स्त्रियांना, काळ्या स्त्रियांना आणि काळ्या पुरुषांना जास्त किमती सांगितल्या गेल्या. घासाघिशीत हुशार जिंकतो आणि भोळा हरतो, हे तिचे नेहमीचे समर्थन या प्रयोगाने निकालात काढले, कारण सर्वांची हुशारी आधीच सारखी करून ठेवलेली होती. गाडीची लवचीक किंमत ही ग्राहकाच्या चातुर्यापेक्षा त्याच्याविषयीच्या विक्रेत्याच्या अंदाजावर ठरते, असा याचा अर्थ होतो, आणि परदेशी उच्चारात इंग्रजी बोलणाऱ्या कुटुंबानेही तो ध्यानात घेण्यासारखा आहे.

या पद्धतीस पर्याय शोधले गेले नाहीत असे नाही. जनरल मोटर्सने १९९० पासून बाजारात आणलेल्या सॅटर्न गाड्या ‘घासाघीस नाही’ या ब्रीदावर विकल्या; ग्राहकांना ते आवडलेही, परंतु २०१० पर्यंत ती कंपनीच इतिहासजमा झाली, मात्र त्याचे कारण निश्चित भाव हे नव्हते. उत्पादकाने थेट ग्राहकास गाडी विकावी, तर अनेक राज्यांतील फ्रँचायझी कायदे आडवे येतात, ज्यांनुसार डीलर नेमलेल्या उत्पादकास स्वतः किरकोळ विक्री करता येत नाही. बलाढ्य उत्पादकांच्या मनमानीपासून लहान डीलरांना वाचवण्यासाठी केलेल्या या कायद्यांचा मूळ हेतू रास्त होता. केंद्रीय व्यापार आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये असा नियम जाहीर केला की डीलरने गाडीची संपूर्ण किंमत आधीच सांगावी आणि ग्राहकास काहीही लाभ नसलेल्या गोष्टी त्याच्या गळ्यात मारू नयेत. डीलरांची संघटना न्यायालयात गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला, कारण आयोगाने नियम करण्यापूर्वीची एक आगाऊ सूचना प्रसिद्ध केली नव्हती. ग्राहकास पूर्वसूचना द्यावी असा नियम पूर्वसूचनेअभावी पडला, या योगायोगास दाद द्यावी तेवढी थोडीच.

न्यायाची बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. नव्या गाडीच्या निव्वळ विक्रीवरील नफा बहुधा बेताचा असतो, आणि डीलरचा संसार दुरुस्ती-विभाग, जुन्या गाड्या आणि ती लहान खोली यांच्यावर चालतो. विक्रेता स्वतः कमिशनवर जगतो, आणि शनिवारी त्याचीही मुले घरी वाट पाहत असतात. परंतु ज्या व्यवस्थेत डीलरचे पोट किमतीवर न भरता किमतीच्या आसपास भरते, त्या व्यवस्थेत किंमत सरळ सांगितली जाणे अशक्यच होते, आणि या पत्रातील सर्व तक्रारींचे मूळ तेथे आहे.

सबब डीलर महोदयांना एकच विनंती करण्यात येत आहे. अलीकडे काही ग्राहक शोरूमची पायरी न चढता, एकाच गाडीसाठी पाच-सहा डीलरांना ईमेल लिहून ‘आउट-द-डोअर’ किंमत, म्हणजे कर, नोंदणी, डॉक फी आणि सारे जादा आकार धरून दारातून गाडी बाहेर काढेपर्यंत द्यावी लागणारी एकूण रक्कम, लेखी मागवतात. जुन्या गाडीचा विषय ते काढत नाहीत, हप्त्याविषयी बोलत नाहीत, आणि कर्जाची मंजुरी आपल्या बँकेकडून वा क्रेडिट युनियनकडून आधीच आणलेली असते. अशा ईमेलमध्ये प्रश्न एकच असतो आणि त्याचे उत्तर एक आकडा हे असते. त्यावर ‘गाडी उपलब्ध आहे, पाहायला कधी येता?’ असे उत्तर पाठवण्याचा जो प्रघात महोदयांच्या कचेऱ्यांत पडला आहे, त्यात आतिथ्य ओसंडून वाहत असले तरी आकडा नसतो. तो कृपया लिहिण्यात यावा, आणि त्यात नायट्रोजन धरला असल्यास तो वजा करून लिहिण्यात यावा.

बहुत काय लिहिणे. लोभ असावा ही विनंती.