दुसऱ्या नावाचं गाव

अक्काचा मिरजेहून फोन होता. "कुठं आहेस रे आत्ता?" "मिनियापोलिसला," असं सांगून मी मोकळा झालो. फोन ठेवून वळलो तर लेक हातात उलथनं घेऊन उभी.

"बाबा, आपण सेंट पॉलमध्ये राहतो. मिनियापोलिस नदीच्या पलीकडं."

"अगं, अक्काला काय कळणार सेंट पॉल? मिनियापोलिस निदान ऐकलेलं तरी असेल."

"आणि तुम्हाला कुणी 'सांगलीचे का' म्हटलं की मग तुमचा चेहरा का उतरतो?"

यावर मला उत्तर नव्हतं. रेल्वेत नोकरी केली, त्यामुळं 'कुठले तुम्ही?' हा प्रश्न जन्मभर ऐकला. 'मिरज' म्हटलं की समोरचा समजूतदारपणे मान हलवणार, 'म्हणजे सांगलीच की.' अहो, सांगलीच कशी? जंक्शन आमचं, सतार-तंबोरे आमचे. सांगली संस्थान निघालं ते 1801 च्या सुमाराला, पटवर्धनांच्या घरातला पुतण्या चिंतामणराव मिरजेच्या काकांपासून वेगळा झाला तेव्हा. आज दोन्ही गावांची महानगरपालिका एकच आहे आणि पाटीवर नावं आहेत सांगली, मिरज, कुपवाड. पुतण्याचं गाव आधी, काकाचं नंतर. नावात दुसरा नंबर लागलेल्या गावाचं दुखणं पहिल्या नंबरवाल्यांना कळत नाही. म्हणून असेल, लेकीनं झापल्यापासून मी सेंट पॉलच्या बाजूनं विचार करायला लागलो.

इथंही थोरलं गाव सेंट पॉलच. मात्र त्याचा जन्म फारसा सोवळा नाही. पिअर पॅरां नावाचा एका डोळ्यानं अधू असलेला दारूविक्या इथं नदीकाठी गुत्ता घालून बसला होता. लोक त्याला 'डुकराचा डोळा' म्हणत, आणि वस्तीलाही तेच नाव पडलं. 1841 मध्ये ल्युसियन गाल्तिए या पाद्र्यानं ओंडक्यांचं छोटं देऊळ बांधून ते संत पॉलला वाहिलं, म्हणून गावाची अब्रू वाचली. नाहीतर आज लेकीनं मला 'बाबा, आपण डुकराच्या डोळ्यात राहतो' असं बजावलं असतं. मिनियापोलिस मागून आलं. डकोटा भाषेतलं पाणी आणि ग्रीक भाषेतलं नगर असं जोडून शाळामास्तरानं केलेलं ते नाव. मास्तरांनी ठेवलेलं नाव नेहमीच जरा भारदस्त असतं.

सेंट पॉलकडं मिनेसोटा राज्याची राजधानी होती, बोटींचा धक्का होता, पुढं रेल्वे आली. मिनियापोलिसकडं सेंट अँथनीचा धबधबा होता. त्या पाण्यावर आधी लाकूड चिरायचे कारखाने चालले आणि मग पिठाच्या गिरण्या. त्या गिरण्यांनी धाकट्याला असं बाळसं आणलं की 1880 च्या शिरगणतीत थोरलं मागं पडलं: मिनियापोलिस 46,887, सेंट पॉल 41,473. पाच हजारांचाच फरक, पण थोरल्या भावाला धाकट्याचे जुने सदरे घालावे लागले तर कसं वाटेल, तसं सेंट पॉलला वाटलं असणार.

दहा वर्षांनी, 1890 च्या जूनमध्ये, पुन्हा शिरगणती आली आणि दोन्ही गावांच्या अंगात आलं. मिनियापोलिस डोकी फुगवतंय असा सेंट पॉलला संशय. सेंट पॉलहून एक सरकारी मार्शल निघाला, त्यानं मिनियापोलिसच्या कचेरीत शिरून सात गणकांना धरलं आणि तक्त्यांच्या पोत्यांसकट आपल्या गावी आणलं. खानेसुमारीचे कारकून पकडून नेणं म्हणजे दुसऱ्याच्या वर्गातली हजेरीची वही पळवण्यासारखं. वर्तमानपत्रांनी तर लढाईचीच भाषा सुरू केली. सरकारनं फेरमोजणी लावली तेव्हा संशय खरा ठरला. मिनियापोलिसची 18 हजारांवर माणसं हवेत विरून गेली. नसलेली घरं, नसलेले भाडेकरू, कधी जन्मालाच न आलेली पोरं.

इथवर वाचून मी लायब्ररीतल्या खुर्चीत सेंट पॉलच्या वतीनं ताठ बसलो होतो. पुढच्या पानावर सेंट पॉलचीही 9 हजारांवर माणसं गळाली. रेल्वे स्थानकाच्या इमारतीतच म्हणे दोनशेच्या वर माणसं कायमची राहत होती! बाकी कुणाला हे हास्यास्पद वाटेल. मी उभी हयात जंक्शनवर काढली आहे. रात्री दीड वाजता फलाटावर पथाऱ्या पसरलेल्यांची शिरगणती कुणी केली असती तर मिरजही केव्हाच पुढं गेली असती. शेवटी आकडे ठरले ते असे: मिनियापोलिस 1,64,738, सेंट पॉल 1,33,156. म्हणजे दोघांनी एवढा आटापिटा केला आणि क्रम होता तोच राहिला. गंमत म्हणजे त्याच वर्षाच्या डिसेंबरात दोन्ही गावं जोडणारी विजेची ट्राम सुरू झाली. एकमेकांच्या डोक्यांवर बसणारी माणसं सहा महिन्यांत एकमेकांच्या शेजारच्या बाकावर बसू लागली.

सेंट पॉलला राजधानीही सुखासुखी टिकवता आलेली नाही. 1857 मध्ये ती सेंट पीटर नावाच्या गावाला हलवण्याचं विधेयक जवळजवळ पक्कं झालं होतं. तेव्हा जो रोलेट हा केसाळ कातड्यांचा व्यापारी असलेला सभासद ते विधेयकच खिशात घालून नाहीसा झाला. तो होता गावातच, एका हॉटेलच्या खोलीत पत्ते कुटत. अधिवेशनाची मुदत संपली तेव्हा साहेब प्रकट झाले. आमदार हॉटेलात ठेवून सरकारं हलवायची कला आपल्याकडं फार नंतर आली. इथं एका आमदारानं स्वतःलाच हॉटेलात ठेवून राजधानी न हलवण्याचं काम दीडशे वर्षांपूर्वी करून ठेवलंय.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. बर्फ पडलं की सकाळी सहाला फावडं घेऊन आपला रस्ता साफ करतात आणि सवयीनं आमचाही. एकदा मी त्यांना विचारलं, मिनियापोलिसला कधी जाणं होतं का? ते थोडा वेळ विचारात पडले. "गेल्या वर्षी गेलो होतो. दाताचे डॉक्टर तिकडं आहेत." अंतर म्हणाल तर मोटारीनं वीस मिनिटं. पण आवाजात भाव असा, की पासपोर्ट काढून गेले असावेत.

घड्याळाचा किस्सा मला त्यांनीच सांगितला. 1965 च्या मे महिन्यात सेंट पॉलनं ठरवलं की उन्हाळ्यासाठी घड्याळं आत्ताच तासभर पुढं करायची. मिनियापोलिस म्हणालं, राज्याचा कायदा सांगेल तेव्हाच आम्ही करू. झालं! दोन आठवडे दोन गावांत एक तासाचं अंतर. सेंट पॉलमधलं ऑफिस पाचला सुटलं की माणूस साडेचारला मिनियापोलिसच्या घरी. सकाळी त्याच माणसानं आठला निघावं तर पोचेपर्यंत साडेनऊ. "माझे वडील दोन घड्याळं घालायचे," आजोबा म्हणाले. मग जरा थांबून, "बरोबर वेळ अर्थात आमची होती."

या दोघांत मधे पडणाऱ्याला फार जपून पावलं टाकावी लागतात. 1961 मध्ये वॉशिंग्टनचा बेसबॉल संघ इकडं आला तेव्हा त्याला कुठल्या गावाचं नाव देणार? मिनियापोलिस म्हटलं तर सेंट पॉल तिकीट काढणार नाही. शेवटी राज्याचं नाव लावून 'जुळे' म्हणून टाकलं आणि टोपीवर जुळ्या नगरांची अक्षरं घातली. मैदानसुद्धा दोघांच्याही हद्दीबाहेर, ब्लूमिंग्टनमध्ये. ब्लूमिंग्टन म्हणजे इथलं कुपवाड, असं मी लेकीला म्हणालो तर तिला ते पटलं. भांडणारे दोन असले की बांधकामं तिसऱ्याच्या रानात होतात. पुढं ते मैदान पाडून त्या जागी 1992 मध्ये अवाढव्य मॉल उघडला. आत पोरांचे झोपाळे नि आगगाड्या आहेत. तिथंच फरशीत एक पितळी पाटी बसवली आहे, जुन्या मैदानात फलंदाज उभा राहायचा ती जागा दाखवणारी. मी वाकून वाचत होतो तर मागून एक बाबागाडी येऊन आदळली.

डोक्यांची शर्यत मात्र मधल्या काळात दोघांनाही सोडून गेली. मिनियापोलिस 1950 मध्ये 5,21,718 वर पोचलं आणि मग उतरणीला लागलं. लोकांना अंगण हवं होतं, मोटार होती, लांबरुंद रस्ते झाले होते. दोन्ही गावांना जोडणारा मोठा महामार्ग सेंट पॉलमधली काळ्या लोकांची राँडो ही नांदती वस्ती पाडून काढला, तेव्हा त्या माणसांना कुणी मोजत बसलं नाही. हा किस्सा सांगताना आजोबांचा आवाज बारीक होतो. पुढं ह्मोंग आले, सोमाली आले, गावं पुन्हा भरू लागली. तरी सेंट पॉलचे दोन आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. 1950: 3,11,349. 2020: 3,11,527. सत्तर वर्षांत वाढ झाली 178 माणसांची. आमच्या गल्लीतल्या एका लग्नाच्या पंगतीत एवढी माणसं पहिल्या वाढीला बसतात.

वाढली ती भोवतालची उपनगरं. महानगरात आज 36 लाखांच्या वर लोक आहेत, पण दोन्ही गावांचे मिळून साडेसात लाखही भरत नाहीत. भांडण आपलं चालूच.

जावई हिशेबी माणूस आहे. तो म्हणाला, "बाबा, 178 ला हसू नका. 2020 च्या मोजणीत मिनेसोटा 26 माणसांनी कमी पडलं असतं तर अमेरिकेच्या संसदेतली आठवी जागा गेली असती." खरंच, ती जागा तेवढ्यावर राहिली, आणि न्यूयॉर्कची एक जागा 89 माणसं कमी पडल्यानं गेली. मोजणीचा दिवस होता 1 एप्रिल. नात तेव्हा दोन महिन्यांची होती, पण तक्त्यात तिचं नाव भरलेलं आहे. इथं नागरिक असो-नसो, राहणारा प्रत्येक जण मोजतात.

"म्हणजे त्या सव्वीसातले तिघं आपलेच," ही म्हणाली. तिनं लगेच नातीची दृष्ट काढली.

परवा आम्ही हिरव्या लाइनच्या गाडीनं मिनियापोलिसला गेलो. 2014 पासून ही गाडी एका गावाच्या मधोमधून निघून दुसऱ्याच्या मधोमध पोचते. नदी कधी येते म्हणून मी काचेला नाक लावून बसलो होतो. युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवर दुकानं गेली, जेवणाची हॉटेलं गेली, आणि जावयानं सांगितलं की हद्द मघाशीच संपली. मी म्हटलं, नदी? नदी बऱ्याच वेळानं आली, चांगली मिनियापोलिसच्या आत. लेकीकडं पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दक्षिणेकडं नदीच आहे हो हद्दीला."

रात्री अक्काचा पुन्हा फोन. या खेपेला मी सावध होतो. "सेंट पॉल," म्हटलं. "राजधानीचं गाव आहे."

"केवढं आहे रे? किती लोक?"

"तीन लाख अकरा हजार."

पलीकडं थोडी शांतता. अक्का शाळेत शिक्षिका होती, खानेसुमारीच्या कामावर तीन वेळा गेलेली आहे. "आपले 2011 लाच पाच लाखांच्या वर भरले होते," ती म्हणाली. "म्हणजे आपल्यापेक्षा लहानच की!"

"अक्का, त्या पाच लाखांत सांगली धरलीस."

"धरली," अक्का म्हणाली. "कुपवाडही धरलंय."