धूम्रवर्ण भाऊजी

ऑस्टिनच्या उत्तरेला ताईचं घर आहे. मागे परसात सिमेंटचा ओटा आणि ओट्यावर खडूने आखलेला एक चौकोन. पावसाने पुसला की भाऊजी तो पुन्हा आखतात. तिथे मांस धुरावर शिजवायचा स्मोकर यायचा आहे. सहा वर्षं यायचाच आहे.

वस्तू घेण्याआधी तिची पत्रिका बघणारी माणसं गावोगाव असतात. मिक्सर बघायला तीनदा दादरला जाऊन शेवटी घरचा पाटा टाकवून घेणारे माझ्या ओळखीत आहेत. पण ती किरकोळीतली. भाऊजींना टेक्सासने त्यांच्या ताकदीचा विषय दिला.

मी पोचलो त्याच रात्री जेवताना माझी शिकवणी झाली. भाऊजींनी पोळ्यांचा डबा उघडाच आडवा केला, त्याच्या एका कुशीला आमटीची वाटी टेकवली आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचा पेला उभा केला. "हा ऑफसेट. वाटी म्हणजे आगीची पेटी. लाकूड इथे जळणार. ऊब आणि धूर डब्यातून आडवे जाणार, पेल्याच्या धुराड्यातून बाहेर. मांसाने आगीचं तोंड बघायचं नाही."

"आणि ग्रिल?"

हे विचारायला नको होतं.

"ग्रिल म्हणजे फोडणी. कडकडीत आच, दहा मिनिटांत मोकळे. स्मोकर म्हणजे बासुंदी. सव्वादोनशे फॅरनहाइट, म्हणजे तुमचं १०७ सेल्सिअस, आणि बारा तास बसा."

"डबा सोडा आता," ताई म्हणाली. "पोळ्या गार झाल्या."

"बघ," भाऊजी मला म्हणाले, "झाकण उघडं राहिलं की हेच होतं."

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही निघाली. प्रत्येक पानावर एक स्थळ आणि शेवटच्या रकान्यात 'दोष'. ऑफसेटला दोष असा की रात्रभर उठून उठून लाकूड घाला. त्यापेक्षा तान्हं मूल बरं, ते कधीतरी झोपतं. पेलेटवाल्यात लाकडाच्या भुशाच्या गोळ्या मोटर आपोआप आत ढकलते, पंखा आच सांभाळतो, तापमान फोनवर दिसतं. "फार शिकलेला आहे," भाऊजी म्हणाले, "पण घरात राहणार नाही. वीज गेली की संपलं." मग कामाडो. मूळची ही जपानी चूल, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी घरी आणलेली. १९७४ मध्ये अटलांटात एड फिशर यांनी तिचं हिरवं अंडं करून विकायला काढलं. रूप उत्तम, आच धरून ठेवते, पण मोठा आकार सत्तर किलोंच्या वर आणि अंग चिनीमातीचं. "पडलं तर?"

वहीत एकाच पानाच्या कडेला बदामाची खूण होती. १९५२ मध्ये शिकागोकडे जॉर्ज स्टीफन नावाचा गृहस्थ बोये बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. वाऱ्यापावसाने शेगडीचं मातेरं होतं म्हणून त्याने पाण्यात सोडायचा एक बोया मधोमध कापला. खालचा अर्धा शेगडी, वरचा झाकण. तीच ती वेबर कंपनीची केटल. बोया म्हटल्यावर भाऊजींसारख्या अलिबागच्या माणसाचा गळा भरून येणारच. तरी दोष होताच: लहान आहे.

मी धीर करून म्हटलं, "भाऊजी, आपली पोपटी काय वेगळी? माठात भामरुडीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी. माठ उपडा करा, वरून पेंढा पेटवा. पाऊण तासात काम फत्ते."

"पोपटीत तापमान कुठे मोजतात? माठावर पाणी शिंपडायचं, चर्र झालं की उतरवायचं. त्याला काय शास्त्र म्हणायचं?" मग बराच वेळ ते त्या चौकोनाकडे बघत बसले. "वास मात्र यायचा," म्हणाले.

शनिवारी आम्ही लॉकहार्टला गेलो. १९९९ मध्ये टेक्सासच्या प्रतिनिधिगृहाने या गावाला बार्बेक्यूची राजधानी म्हणून मान दिला आहे. एका जुन्या दुकानात विटांच्या लांबच लांब भट्ट्या होत्या आणि त्यांच्या तोंडाशी जमिनीवरच पोस्ट ओकचे ओंडके पेटलेले. भाऊजींनी धुरात नाक घातलं. "निळसर आहे बघ, पातळ. पांढरा आणि दाट असला की समज, लाकूड नीट जळत नाही, मांस कडू होणार. आणि मेस्कीट लांबच्या कामाला घ्यायचं नाही. आपल्या वेड्या बाभळीची चुलत बहीण ती, धूर तसाच उग्र." चुलीवरच्या ज्या धुराने त्यांच्या आईचे डोळे उभा जन्म चुरचुरले, त्याच्या छटा ते मला समजावत होते.

इथला राजा ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं मांस. भाऊजी ते खात नाहीत. कोंबडी खातात; ती सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी आणि श्रावण वगळून. त्या दिवशी शनिवार. त्यांनी लोणच्याची काकडी आणि पाव खाल्ला आणि माझ्या पानातल्या तुकड्याला तर्जनीने दाबून पाहिलं. "उतरवायची घाई केलीय. २०३ ला काढायला हवं होतं."

आता खरी गोष्ट. त्यांच्या गल्लीत सात घरी स्मोकर आहेत आणि सातही भाऊजींच्या सल्ल्याने घेतलेले. समोरचा निवृत्त टेक्सन आजोबासुद्धा विचारून गेला. सात लग्नं जमवून स्वतः ब्रह्मचारी. या साऱ्या अभ्यासातून त्यांनी आजवर घेतलेली एकच वस्तू म्हणजे मांसात खुपसायचा थर्मामीटर. तो शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी.

लॉकहार्टहून परतलो त्याच रात्री दोन वाजता फोन वाजला. पलीकडून एक घाबरलेला आवाज: दीडशेवर अडकलंय, तीन तास काटा हलत नाही, निखारे वाढवू का?

"काही वाढवू नकोस," बनियनमधले भाऊजी इंग्रजीत म्हणाले. "त्याला घाम आलाय. घाम सुकतो तोवर अंग तापत नाही. सगळ्यांचं असंच होतं. झाकण उघडलंस? किती वेळा? अरे देवा. मी येतो."

त्यांनी बनियनवर शर्ट चढवला, खिसा चाचपला आणि चपला शोधू लागले.

"एखादा घेऊन टाका आता," ताई अंधारातून म्हणाली.

"कधी वापरणार? हे बघतेस ना," म्हणत भाऊजींनी हळूच दार ओढून घेतलं.