सोळातले आठ

घरी फाइल सर्व्हर बसवायचा म्हटल्यावर डिस्क निवडायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो आबांना हिशेब पटवायला. ज्या माणसाने उभी हयात कारखान्याच्या काट्यावर उसाचं वजन डोळ्यांत तेल घालून बघितलं, त्याला ‘चार टीबीच्या चार डिस्क घेतल्या, वापरायला आठ टीबी मिळतील’ असं सांगणं म्हणजे भांडणाला आवतण.

“पैसे कितीचे मोजले?”

“सोळाचे.”

“मग निम्मं कुठं गेलं?”

त्यात संगणकाने चार टीबीची डिस्क ३.६३ दाखवली. कंपनी हजाराने मोजते, संगणक १०२४ ने, हे मी परोपरीने सांगितलं. आबा म्हणाले, “म्हंजी काटा मारला. सरळ सांग की.” यावर ऊसवाल्याला जास्त शिकवायला जाऊ नये.

साठवायचं तरी काय होतं? लग्नांची शूटिंगं, सातबारे, फेरफार आणि मुख्य म्हणजे पालखी. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरकडे निघाली की वाटेत काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. घरातला प्रत्येक जण दरवर्षी ते आपापल्या मोबाइलवर घेतो. मेंढ्या तशाच, धूळ तीच. फक्त मध्ये आडवं येणारं डोकं वेगळं.

धाकट्या भावाचं म्हणणं, एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला द्यावी, बारा टीबी वापरावेत. पॅरिटी आबांना एका दमात कळली. तीन खेपांच्या वजनपावत्या आणि चौथ्या कागदावर त्यांची बेरीज. एक पावती हरवली तर बेरजेतून उरलेल्या दोन वजा करायच्या. डिस्क बेरजेऐवजी एक्सॉर नावाचं गणित करतात, एवढाच फरक.

“आन् दोन हरवल्या तर?”

१९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कात्झ यांनी स्वस्त डिस्का एकत्र जोडण्याचे, म्हणजे रेडचे, पाच प्रकार मांडले. कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी तरणारा सहावा प्रकार नंतर आला. मधली वर्षं आबांनी बाजेवर बसल्या बसल्या ओलांडली.

आणि प्रश्न रास्तच होता. एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या डिस्क बहुधा एकाच घाण्यातल्या असतात. एक गेली की नवी भरताना उरलेल्या तासन्‌तास, अक्षर न्‌ अक्षर वाचाव्या लागतात, आणि नेमकी तेव्हाच दुसरी मान टाकते. दोन-दोनच्या जोड्या लावून आरसा केला तरी वापरायला आठच. पण एकाच जोडीतल्या दोघी गेल्या तर सगळा साठा बुडाला. म्हणून झेडएफएस या फाइल सिस्टिमचं रेड-झेड-टू ठरलं; त्यात कुठल्याही दोन गेल्या तरी चालतं. सोळातले आठ आबांनी मंजूर केले. बियाणं राखून ठेवणाऱ्याला हे जड गेलं नाही.

मग चुलतभावाने साफसफाई काढली. सगळ्या मेंढ्या सारख्याच दिसतात म्हणून त्याने रिंगणाचे अर्धे व्हिडिओ ‘डुप्लिकेट’ समजून उडवले, आणि चारही डिस्कनी त्याचा शब्द इमानेइतबारे पाळला. रेड डिस्कच्या मरणावर औषध आहे, माणसाच्या बोटावर नाही. झेडएफएस जुन्यावर गिरवत नाही, नवं वेगळ्या जागी लिहितं. त्यामुळे आदल्या रात्रीच्या स्नॅपशॉटमध्ये, म्हणजे गोठवून ठेवलेल्या जुन्या स्थितीत, मेंढ्या जिवंत सापडल्या. पण घरावर वीज पडली तर स्नॅपशॉटही घरातच.

तेव्हा आजी बोलली. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या, त्या वर आल्या ही देवाची करणी. पण संताजी जगनाड्यांनी स्वतःच्या हाताने अभंग लिहून ठेवले होते, ते माणसाचं शहाणपण. संताजींच्या वह्यांवरूनच पुढे वि. ल. भावे यांनी गाथा छापली. म्हणजे एक प्रत दुसऱ्याच्या घरी हवी, हा आजीचा निकाल.

दुसरं घर म्हणजे इंदापूरची आत्या. तिने फोनवर आनंदाने होकार दिला. “ठेव की रं डिस्क माझ्याकडं. लग्नं बघू, पालखी बघू.” मग जरा थांबून, “त्यात सातबारा पण हाय का रं? माझं नाव हाय का त्यावर, तेवढं बघीन म्हणते.”

फोन स्पीकरवर होता. इतके दिवस कुठली डिस्क किती खाते एवढंच विचारणारे आबा बाजेवरून उठले, माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, “याला कुलूप घालता येतं का रं?”