थंड हवा, पण इंजिनाला

पोलादपूर हे दोन घाटांच्या पायथ्याचं गाव. एक रस्ता आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जातो, दुसरा कशेडी चढून खेडकडे. पहिल्या रस्त्यानं माणसं थंड हवा खायला जातात. दुसऱ्यानं ट्रक जातात, आणि थंड हवा त्यांनाही लागतेच; फक्त त्यासाठी हॉटेलचं बुकिंग करण्याची सोय त्यांना नाही. ती व्यवस्था नाकाशी बांधूनच घाटाला लागावं लागतं. ट्रकच्या जाळीआड, रेडिएटरच्या पुढ्यात जी ॲल्युमिनियमची चपटी पेटी उभी असते, ती हीच व्यवस्था. तिचं नाव इंटरकूलर.

ही पेटी चांगली असेपर्यंत तिची कुणाला आठवण नसते. बिघडली की महाड-पोलादपूरच्या हमरस्त्यालगतच्या कुठल्या तरी गॅरेजात देशावरचा एखादा ड्रायव्हर उतरतो आणि हातातला तंबाखू मळत म्हणतो, "मेस्त्री, गाडी वढंना झालीया. धूर बी काळा मारतीया." ड्रायव्हरचा संशय आधी डिझेलवर असतो, मग पंपवाल्यावर, शेवटी मालकावर. मेस्त्री काही बोलत नाही. केबिन पुढे कलती करायला लावतो, पोराला रेस द्यायला सांगतो आणि वैद्यानं नाडी धरावी तसा जाड रबरी पाइपाच्या क्लिपेवर हात ठेवतो. मग बाटलीतलं साबणाचं पाणी शिंपडतो. क्लिपेच्या कडेला पांढरा फेस फुगतो, फुटतो, परत फुगतो.

"मामा, डिझेल बरोबर हाय. हवा जाते तुमची."

हवा जाणं म्हणजे काय, हे समजायला ती येते कुठून हे पाहावं लागतं. डिझेल जाळायचं तर प्राणवायू पाहिजे आणि सिलिंडरचा आकार तर ठरलेला. जास्त ताकद हवी असेल तर त्याच जागेत जास्त हवा कोंबायची. हे कोंबण्याचे मार्ग दोन. सुपरचार्जर इंजिनाच्याच शक्तीवर, पट्ट्यानं किंवा गिअरनं फिरतो, म्हणजे मदत करायला आलेला पाहुणा आधी जेवून घेतो. त्याचा एक पूर्वज अमेरिकेतल्या रूट्स बंधूंचा पंखा. त्याचं पेटंट 1860 चं, आणि त्या पंख्याला पुढे काम मिळालं ते भट्ट्यांत वारा घालण्याचं. 1938 पासून आलेल्या डेट्रॉईट डिझेलच्या टू-स्ट्रोक इंजिनांत हाच पंखा बसवलेला असे, कारण त्याच्यावाचून त्या इंजिनांना जळका धूर बाहेर घालवून ताजी हवा आत घेताच येत नसे. दुसरा मार्ग टर्बोचार्जरचा. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यानं 1905 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सायलेन्सरवाटे फुकट जाणाऱ्या धुरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या चक्रानं हवा दाबायची. मिनिटाला लाखभर फेरे मारणारी ही वस्तू फुकटात काम करते, म्हणून आपल्याकडच्या ट्रकमालकांना तीच पटली, यात नवल नाही.

पण हवा दाबली की तापते. महाडात मे महिन्यात बाहेरचीच हवा चाळिशीला टेकलेली असते. टर्बोनं तिचा दाब दुप्पट केला की तिचं तापमान सव्वाशे-दीडशे अंशांच्या घरात जातं. तापलेली हवा फुगते, म्हणजे जागा अडवते आणि प्राणवायू कमी आणते. एवढा खटाटोप करून कोंबलेला माल निम्मा पोकळ निघावा, तसला प्रकार. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्या मधे इंटरकूलर. त्याच्या नळ्यांतून ही कढत हवा जाते, नळ्यांमधल्या नागमोडी पातळ पत्र्यांवरून बाहेरचा वारा जातो, दोघांची भेट होत नाही पण उष्णतेची देवघेव होते. हवा साठ अंशांच्या आसपास उतरली तरी त्याच जागेत सुमारे पाचव्या हिश्शाने जास्त हवा मावते. शिवाय ज्वलन थोडं शांत डोक्यानं होतं आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं कमी निघतात. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसतशी ही पेटी ट्रकवर पक्की झाली ती मुख्यतः याचमुळे.

1954 साली जमशेदपुरात बनू लागलेल्या टाटा-मर्सिडीज ट्रकांना यातलं काही नव्हतं. मिळेल ती हवा घ्यायची, घाटात पहिल्या गिअरवर कण्हायचं, आणि क्लीनरनं दगड घेऊन चाकामागून चालायचं, अशी तेव्हाची रीत. पुढे दर्शनी बाजूला ‘टीसी’ अशी अक्षरं आली, म्हणजे टर्बो. मग ‘टीसीआयसी’, म्हणजे टर्बो अधिक इंटरकूलर. क्लीनर तेव्हापासून केबिनमध्ये बसू लागला.

आता घाटातली खरी गोम. सपाट रस्त्यावर साठच्या वेगानं ट्रक धावतो तेव्हा समोरून वारा मुबलक येतो, पण तेव्हा इंजिनावर भार बेताचा. कशेडीच्या वळणावर भरलेला ट्रक ताशी पंधराच्या गतीनं चढतो तेव्हा टर्बो जिवाच्या आकांतानं हवा दाबत असतो, आणि नेमका तेव्हाच समोरून वारा नाही. वर पुढच्या ट्रकचा ऊन धूर तोंडावर. सगळी भिस्त इंजिनाच्या पंख्यावर. गरज असते तेव्हा मदत नसते, हा नियम सरकारी खात्यांपुरता मर्यादित नाही.

त्यातून हवेची वाटणी पंगतीसारखी. पहिला मान इंटरकूलरचा. त्यानं वापरलेली, कोमट झालेली हवा मागच्या रेडिएटरच्या पानात पडते. आणि त्याच्यावर तर इंजिनाच्या पाण्याखेरीज ऑइल कूलरची उष्णताही येऊन बसलेली असते. 2020 पासूनच्या बीएस-सहा या प्रदूषण-नियमांच्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत भर म्हणून ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत पाठवायचा धूर गार करणारं यंत्र. त्याचाही ताप शेवटी रेडिएटरच्याच गळ्यात. तेव्हा गाडी घाटात गरम झाली की शिव्या रेडिएटरला बसतात. पण पुढच्या पंगतीत कोण कोण जेवून गेलं ते कुणी विचारत नाही.

एवढं पुरे नाही म्हणून आपण या पेटीची पूजा करतो. खंडेनवमीला झेंडूचा हार जाळीवर, केळीचा खुंट बाजूला, मधोमध लिंबू-मिरची आणि काळा गोंडा. वर हौशी मालकानं बसवलेली नक्षीदार जाळी. सणानंतर महिनाभर झेंडूच्या पाकळ्या इंटरकूलरच्या पत्र्यांत चिकटून असतात. त्यावर टर्बोच्या सीलमधून पाझरलेलं, सांध्यांतून बाहेर आलेलं ऑइल, त्यावर महामार्गाच्या चौपदरीकरणाची धूळ, असा जो थर बसतो तो ज्यानं पाहिला त्यालाच कळेल. मग मालकाला स्वच्छतेचा झटका येतो. सर्व्हिसिंगवाला पोरगा प्रेशरच्या पाण्याचा फवारा जवळून मारतो आणि मळाबरोबर पत्रेही आडवे करतो. आडवा पत्रा म्हणजे बंद दार. ते सरळ करायला कंगव्यासारखं हत्यार असतं. पण आमच्या मेस्त्रीच्या मते लांबून, हलक्या पाण्यानं, मागून पुढे धुतलं तर कंगवा लागतच नाही. आणि हे तो नवीन गिऱ्हाइकाला सांगत नाही.

घाट टाळायचे उपायही निघाले. कोकण रेल्वेनं 1999 पासून कोलाडहून ट्रकच रेल्वेत चढवून दक्षिणेकडे नेले. त्यांना ओढणारं डिझेल इंजिन मात्र त्याच दुखण्याचं: त्यालाही टर्बो, त्यालाही दाबलेली हवा गार करणारी यंत्रणा, फक्त ती पाण्यावर चालणारी. 2022 मध्ये मार्गाचं विद्युतीकरण पुरं झालं. इकडे रस्त्यावर कशेडीचा बोगदा आला. 2023 च्या गणपतीत चाकरमान्यांच्या हलक्या गाड्या त्यातून गेल्या, आणि वजनदार मंडळी मागे घाटात इंटरकूलर तापवत राहिली.

या सगळ्यात एक गंमत राहून गेली. इंजिनाच्या हवेला गारवा देण्याची सोय कधीच झाली, पण ती हवा ज्याच्या पायाखालच्या ॲक्सिलरेटरवर चालते तो माणूस इतकी वर्षं बनियनवर, खांद्यावर ओला पंचा टाकून बसला होता. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. छान झालं. फक्त या एसीचा कंडेन्सरही बहुतेक वेळा बसतो कुठे, तर त्याच जाळीआड. म्हणजे पंगतीत एक पान वाढलं.

मेस्त्रीनं क्लिप आवळली, पाइपाला थाप मारली आणि चढाचा विषय निघाला तेव्हा सल्ला दिला: "मामा, भरलेली गाडी घेऊन घाट चढताना काटा वर गेला तर एसी बंद करा. इंजिनाला बरं पडेल."

"आन् मला?"

"तुम्ही काच खाली करा."