इंजिन फिरवायचंय का?

दौंडच्या माणसाला गाडी थांबल्याचं नवल नसतं. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडात येते, इंजिन सुटतं, शेपटाकडे जाऊन लागतं आणि गाडी आल्या वाटेकडे तोंड करून निघते. कॉर्ड लाइन झाल्यापासून काही गाड्या बाहेरच्या बाहेर सटकतात, पण गावाची सवय गेलेली नाही. आमच्याकडे लग्नाची वरात खोळंबली तरी कोणीतरी म्हणतं, इंजिन फिरवत असतील.

अशा गावातली सहावीची 43 मुलं, चार शिक्षक आणि 'पालक प्रतिनिधी' या भारदस्त नावाखाली फुकट हमालीला धरलेले आम्ही पाच जण जानेवारीतल्या एका सकाळी शाळेच्या बसनं रांजणगावच्या महागणपतीला निघालो. खरं तर अष्टविनायकांतलं सिद्धटेक आम्हाला भीमेच्या पलीकडेच. पण घराजवळच्या देवाला गेलं तर त्याला सहल कोण म्हणेल? शिवाय निघोजचे रांजणखळगेही बघायचे होते.

चौफुल्याला पाट्या दिसायला लागल्या. "सर, कला केंद्र म्हणजे चित्रकला का?" खिडकीतून प्रश्न आला. "हो," हेडसर क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट." त्यावर मागच्या सीटवरचे दोन पालक इतके गंभीर झाले की त्यांनी दोन्ही परीक्षा दिल्या असाव्यात.

पारगावच्या पुलावर भीमा पुन्हा भेटली. ती ओलांडली की दौंड तालुका संपतो आणि शिरूर तालुका लागतो. म्हणजे काय, तर ऊस संपून ऊस सुरू होतो.

त्या उसानंच घात केला. न्हावऱ्याच्या पुढे समोरून कारखान्याचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या, त्यांवर दुमजली ऊस. आमच्या ड्रायव्हरनं सौजन्य दाखवून बस साइडपट्टीवर घेतली. शेजारच्या शेतकऱ्यानं रात्रीच पाणी दिलेलं होतं. साइडपट्टी मऊसूत होऊन वाटच बघत होती. डावीकडची चाकं बसली आणि बस सावकाश, जेवण झालेल्या पाहुण्यासारखी, डाव्या कुशीवर कलली.

मुलांनी एका सुरात "ओऽऽऽ" केलं. मोठ्यांनी एका सुरात गणपतीला हाक मारली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, पण ओरडा इतका झाला होता की काहीतरी करणं भाग होतं. प्रथमोपचाराची पेटी उघडली. आत एक कंगवा, अर्धी तंबाखूची पुडी आणि तुळजापूरचा अंगारा निघाला.

बसचं नेहमीचं दार उघडंच होतं. तरी एकही मूल तिथून उतरेना. वर्षभर रोज ज्याच्यावर 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' वाचलं, ते दार उघडायची संधी पुन्हा कधी येणार? हँडल ओढायला सात जण. बाहेर पडलेली पोरं पुढच्या दारानं आत येऊन पुन्हा संकटात सापडत होती. मोजणारे सर 61 वर पोचले तेव्हा ही भानगड उघडकीला आली.

एवढ्यात एका आईनं फोटो ग्रुपवर टाकला. तिनं मोबाइल कलता धरल्यामुळे फोटोत बस जवळजवळ आडवी होती. दौंडहून पहिला फोन आला, "बस उलटली का?" दुसरा, "किती पलट्या खाल्ल्या?" तिसरा एका आजीचा, आणि तोच काय तो मुद्द्याचा होता, "डबा सांडला का?"

बस अडल्यावर ड्रायव्हर सोडून सगळ्यांना गाडीतलं कळतं. त्यात एका आईला मोराच्या चिंचोलीची हकीकत आठवली. ते गाव ह्याच शिरूर तालुक्यातलं. 2022 च्या जानेवारीत तिथून सहल करून परतणाऱ्या वाघोलीच्या बायकांच्या मिनीबसचा ड्रायव्हर फिट येऊन कोसळला, तेव्हा त्यांच्यातल्याच एका 42 वर्षांच्या बाईनं स्टिअरिंग हातात घेतलं. तोवर तिनं फक्त कार चालवलेली. तरी सुमारे 10 किलोमीटर बस नेऊन तिनं ड्रायव्हरला दवाखान्यात पोचवलं. ऐकताना आम्ही गप्प झालो. मग आमच्यातल्या तिघीजणी पदर खोचून स्टिअरिंगकडे निघाल्या. ड्रायव्हर दारात आडवा उभा राहिला. "ताई, मला काहीसुद्धा झालेलं नाही हो!"

मुलं तोवर उसात. हेडसरांच्या शिट्टीला कोणी दाद देईना. बांधावरून एक म्हातारबाबा आले आणि शांतपणे म्हणाले, "पोरं बाहेर घ्या मास्तर. परवा वाघ दिसलाय इथं." आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. पुढच्या मिनिटाला मुलांच्या दोन सरळ रांगा. आणि 'कलत्या बसमध्ये आम्ही पाय ठेवणार नाही' म्हणणारे पालक बसमध्ये, काचा लावून. बाबा मात्र थट्टा करत नव्हते. "आमची पोरं संध्याकाळनंतर एकटी परसाकडंसुद्धा जात नाहीत," एवढं बोलून ते बस किती रुतली ते बघायला गेले.

तोच ट्रॅक्टर ट्रॉल्या पुढे सोडून मदतीला आला. वायररोप पुढे बांधला. सगळे पालक 'अजून थोडं, अजून थोडं' करत हवेतच बस ढकलत होते. बस पुढे सरकेना, उलट पुढचं चाकही आणखी खाली गेलं, कारण पुढे चारीच होती. पुन्हा बांधला, पुन्हा तेच. एका पालकानं चाकाखाली दगड घालायला सांगितलं, दुसऱ्यानं तेच दगड काढायला.

रांगेतून एका पोराचा आवाज आला. रेल्वे क्वार्टरमधलं ते पोर, मघापासून हातातलं कांडं चघळत सगळं बघत होतं.

"सर, इंजिन फिरवायचंय का?"

हेडसर खेकसणार होते. ट्रॅक्टरवाल्यानं हात वर केला, बसला एक चक्कर मारली, काही न बोलता रोप सोडला आणि ट्रॅक्टर बसच्या पाठीमागे नेऊन लावला. बस आल्या वाटेनं, उलटी, एका हिसक्यात डांबरावर.

पोरांनी इतका गलका केला की उसातून दोन टिटव्या उडाल्या. ट्रॅक्टरवाल्यानं पैशाला हात लावला नाही. रोप गुंडाळत त्यानं पोराला विचारलं, "दौंडचा का रे तू?"

"हो."

"वाटलंच. मी मनमाडकडचा. तुझ्या गावात इंजिन फिरायची वाट बघण्यात अर्धी जवानी गेली माझी."